एक ठिकाण, एक साल: इतिहासाला धरून मॉडेल रेल्वे उभारताना

अमेरिकेतल्या जुन्या मालगाड्यांच्या वाघिणींवर, रिकाम्या वजनाच्या आकड्याशेजारी, छोट्या अक्षरांत एक नोंद रंगवलेली असायची. वाघीण कारखान्यातून नवी आली असेल तर 'न्यू' आणि पुढे महिना-साल. काही काळाने ती पुन्हा वजनकाट्यावर गेली की जुनी नोंद पुसून वजन केलेल्या ठिकाणाची आद्याक्षरं आणि नवी तारीख. एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराच्या मॉडेलवर ही अक्षरं भिंगाखाली धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. माझ्या लेआउटवर, म्हणजे रूळ, स्टेशन, देखावा मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर, १९४७ चा सप्टेंबर चालू आहे, आणि कपाटात 'न्यू ५-४८' अशी नोंद असलेली एक फार सुरेख वाघीण आहे. ती रुळावर येत नाही, कारण त्या सप्टेंबरात ती बांधलीच गेली नव्हती.

नव्याने या छंदात येणाऱ्याला मला जे सांगायचंय ते सगळं या वाघिणीत आहे. एक ठिकाण ठरवा, एक साल ठरवा, आणि पुढचे निर्णय त्या दोघांवर सोपवा. कोणतं इंजिन घ्यायचं, भिंतीला कोणता रंग द्यायचा, रस्त्यावर कोणती मोटार उभी करायची, रुळांच्या कडेला झाडं किती, हे प्रश्न सुटे सुटे सोडवायला बसलात तर दमून जाल. तारीख पक्की असली की त्यातले बरेचसे प्रश्न तिथल्या तिथे मिटतात. खर्चही आवरतो, कारण मोह पाडणाऱ्या बहुतेक वस्तू तुमच्या सालात बसतच नाहीत.

साल आधी, खरेदी नंतर

युरोपात मॉडेलं 'एपॉक'नुसार, म्हणजे रेल्वेच्या इतिहासातल्या कालखंडांनुसार विकली जातात. पहिला एपॉक साधारण १९२० पर्यंत, दुसरा १९४५ पर्यंत, तिसरा १९७० च्या आसपास संपतो, आणि असंच पुढे. खोक्यावरचा हा आकडा खरेदीपुरता उपयोगाचा आहे, पण एवढ्यावर थांबू नका. तिसऱ्या एपॉकच्या पोटातच केवढी उलथापालथ झाली पाहा. जून १९५६ मध्ये युरोपातल्या बहुतेक रेल्वेंनी तिसरा वर्ग बंद केला, म्हणजे डब्यांच्या दारांवरचा '३' गेला. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने सगळ्या इंजिनांना संगणकाला समजतील असे नवे क्रमांक दिले. दारावर '३' असलेला डबा आणि नव्या क्रमांकाचं इंजिन एकाच गाडीत जोडलं, तर दोन्हींच्या खोक्यांवर एकच एपॉक छापलेला असूनही ती गाडी कधीच धावलेली नाही.

ब्रिटनमध्ये हे टप्पे आणखी ठळक आहेत. १ जानेवारी १९२३ ला शंभरावर कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. १ जानेवारी १९४८ ला त्या चारांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९५६ मध्ये इंजिनांवरचं बोधचिन्ह बदललं, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची नियमित वाहतूक संपली. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० पर्यंतचा काळ मॉडेलवाल्यांच्या विशेष लाडका, कारण त्या काळात वाफ आणि डिझेल एकाच यार्डात शेजारी शेजारी उभी दिसत.

माझा सल्ला असा की बदलाच्या तारखेनंतरची एक-दोन वर्षं घ्या. राष्ट्रीयीकरण झालं म्हणून २ जानेवारीला सगळ्या डब्यांना नवा रंग लागत नाही. जुन्या कंपनीचं नाव मळक्या अक्षरांत अजून दिसतंय आणि शेजारी ताज्या रंगाचा एकच डबा चमकतोय, असं चित्र कित्येक वर्षं दिसत राहतं. पाहणाऱ्याला काळ जाणवतो तो अशा सरमिसळीतून. सालाबरोबर ऋतूही ठरवून टाका, कारण गवताचा रंग आणि मालाचा प्रकार दोन्ही त्यावर अवलंबून. कापणीच्या दिवसांत धान्याच्या वाघिणी, थंडीच्या तोंडावर कोळशाच्या.

ठिकाण निवडताना सौंदर्य दुय्यम माना आणि पुरावा किती मिळतो ते पाहा. दहा फोटो आणि एक नकाशा असलेलं शाखामार्गावरचं शेवटचं छोटं स्टेशन हे एकही फोटो नसलेल्या भव्य जंक्शनपेक्षा शंभर पटींनी बरं. शेवटचं स्टेशन म्हणजे एक फलाट, मालधक्का, इंजिन वळसा घेऊन दुसऱ्या टोकाला लागेल एवढी लूप, एखादी शेड. एका माणसाला दोन-तीन वर्षांत पुरं करता येईल इतकंच काम.

कागदपत्रांचे महिने

पहिले काही महिने हातात कटर घेऊच नका. या काळात कंटाळा येईल असं वाटतं, प्रत्यक्षात बहुतेकांना याचीच चटक लागते.

नकाशांपासून सुरुवात करा. ब्रिटनसाठी ऑर्डनन्स सर्व्हेचे १:२५०० चे जुने नकाशे आहेत. त्यांत एकेक रूळ, एकेक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा), पाण्याची टाकीसुद्धा सापडते. अमेरिकन गावांसाठी सॅनबोर्न कंपनीचे नकाशे. ते आगीच्या विम्यासाठी काढलेले असल्यामुळे कोणती इमारत विटांची, कोणती लाकडी, कुठे कसला माल साठवलेला, हे रंगांनी आणि खुणांनी दाखवलेलं असतं. शिवाय १९१३ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने रेल्वे कंपन्यांच्या सगळ्या मालमत्तेचं मूल्यमापन करायला घेतलं, आणि त्यासाठी तयार झालेले नकाशे आणि टिपणं आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या बिचाऱ्या सर्वेक्षकांनी पूल आणि मोऱ्या मोजल्या त्या रेल्वेभाड्याचे दर ठरवणाऱ्यांसाठी आणि वकिलांसाठी, उपयोग होतोय तुमच्या-माझ्यासारख्यांना.

मग मिळवा ते कर्मचाऱ्यांसाठी छापलेलं वेळापत्रक. प्रवाशांच्या वेळापत्रकात मालगाड्या नसतात, यात असतात. कोणती गाडी कुठे थांबून कोणाला वाट देते, कोणत्या चढावर जादा इंजिन लागतं, सगळं त्यात मिळतं.

आणि फोटो. फोटो 'पाहणं' आणि 'वाचणं' यांत फरक आहे. एक फोटो घ्या, भिंग घ्या, वही घ्या, आणि डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून दिसेल ती प्रत्येक वस्तू लिहून काढा. इंजिनाकडे सर्वांत शेवटी वळा. तारांच्या खांबावर किती आडव्या पट्ट्या, तारा अडकवायच्या चिनीमातीच्या चिमण्या किती. फलाटाची कड दगडी की विटांची. छपराखालच्या फळ्यांची टोकं टोकदार की गोल. रुळांमधली खडी स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांच्या) वरपर्यंत आहे की खाली. एका फोटोला मला दोन संध्याकाळी लागतात. मग खालची तारीख झाका आणि फोटोतूनच काळ काढून पाहा. अमेरिकन बॉक्सकारच्या (छत असलेल्या बंद मालवाघिणीच्या) छतावर चालण्याची फळी आहे का? ब्रेकवाले एके काळी त्या फळीवरून धावत जाऊन हातब्रेक लावायचे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्या बॉक्सकार या फळीविना येऊ लागल्या आणि जुन्यांवरच्याही हळूहळू काढल्या गेल्या. बाजूला रंगीत आडव्या पट्ट्यांची छोटी पाटी दिसतेय का? रुळांकडेच्या यंत्राने वाघिणीचा क्रमांक वाचावा म्हणून ती १९६७ पासून सक्तीची झाली, आणि धूळ-काजळीने वाचन चुकायला लागल्यामुळे १९७७ मध्ये योजनाच सोडून दिली. अशा चार खुणा जुळल्या की फोटोचं साल एक-दोन वर्षांच्या आत येतं. फोटोखालच्या ओळी अनेकदा आठवणीतून लिहिलेल्या असतात. त्या आणि फोटोतली वस्तू यांत भांडण झालं तर मी वस्तूच्या बाजूने उभा राहतो.

काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून रंग ठरवताना एक फसगत हमखास होते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. गडद लाल वाघीण तिच्यावर जवळजवळ काळी उमटते आणि निळा रंग फिकट, पांढुरका होऊन येतो. मी एकदा मालधक्क्याची दारं अशाच फोटोवरून काळी रंगवली. वर्षभराने कंपनीचं रंगकामाचं पत्रक मिळालं, त्यात त्या दारांचा रंग गंजासारखा तांबडा होता. चारही दारं उतरवून पुन्हा रंगवली. अस्सल रंग डोळ्यांत भरून घ्यायचे तर जॅक डेलानो यांनी १९४२-४३ मध्ये शिकागोच्या यार्डांत काढलेली रंगीत छायाचित्रं पाहा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती सर्वांना खुली ठेवली आहेत. 'काळं' इंजिन किती प्रकारचं काळं असतं, करडं, तपकिरी, तेलकट निळसर, हे मला त्या चित्रांनी शिकवलं.

प्रत्येक वस्तूसाठी फायलीत एक पान ठेवा आणि तीन रंगांच्या पेन्सिली वापरा. पुराव्यात दिसलं ते एका रंगाने, शेजारच्या तशाच वस्तूवरून ताडलं ते दुसऱ्याने, आणि निव्वळ कल्पनेने भरलं ते तिसऱ्याने. कल्पना करायला हरकत नाही, त्यावाचून एकही लेआउट पुरा होत नाही. पण आपण कुठे कल्पना केली ते आपल्याला माहीत हवं. पाच वर्षांनी आपलीच कल्पना आपल्याला पुरावा वाटायला लागते.

माप, गेज आणि खोली

एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर (गेज) १६.५ मिलिमीटर. १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला हे चपखल बसतं. एन म्हणजे बहुतेक देशांत १:१६०, रूळ ९ मिलिमीटरवर. ओ मापात देशागणिक फरक आहे, अमेरिकेत १:४८, ब्रिटनमध्ये १:४३.५.

ब्रिटिश ओओची गोष्ट वेगळी. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, मॉडेल चालवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटर १:८७ च्या सांगाड्यात मावेनात. म्हणून सांगाडा १:७६ चा केला आणि रूळ मात्र १६.५ चेच ठेवले. परिणामी ओओची गाडी समोरून पाहिली तर रुळांपेक्षा रुंद, जराशी तोललेली दिसते. ज्यांना हे खुपतं ते १८.२ किंवा अगदी काटेकोर १८.८३ मिलिमीटरवर रूळ घालतात. तुमची निवडलेली रेल्वे ब्रॉडगेज असेल तर हा प्रश्न आणखी मोठा होतो. आयर्लंडचा १६०० मिलिमीटर गेज १:७६ मध्ये २१ मिलिमीटर होतो, भारताचा १६७६ चा ब्रॉडगेज १:८७ मध्ये सव्वाएकोणीस. अशा रुळांसाठी बहुतेक सगळं हातानेच घडवावं लागतं. नवशिक्याने पहिल्या लेआउटला तयार रुळांची तडजोड बिनदिक्कत स्वीकारावी असं माझं मत आहे. चाकांखालचे दोन-तीन मिलिमीटर चुकले तरी ठिकाण ओळखू येतं. दारं-खिडक्या चुकल्या तर ओळखू येत नाही.

जागेचं गणित आधीच करून घ्या. खरं एक किलोमीटर म्हणजे एचओमध्ये साडेअकरा मीटर, एनमध्ये सव्वासहा. खरं वळण ३०० मीटर त्रिज्येचं असेल, आणि मुख्य मार्गावर ते तीव्रच म्हणायचं, तर एचओमध्ये साडेतीन मीटर त्रिज्या लागेल. खेळण्यातल्या रुळांचं ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण खऱ्या जगात ४० मीटरचं होतं. तिथे मोठं इंजिन शिरूच शकत नाही. म्हणजे काटछाट अटळ आहे, प्रश्न फक्त कुठे करायची एवढाच. मी सरळ पट्टे कापतो. लूप सहाशे मीटरची असेल तर तिची अडीचशे करतो, पण त्या लूपमध्ये मावेल एवढीच लांब गाडी चालवतो. इमारती आखडत नाही. सांध्यांचा क्रम आणि कोणता सांधा डावा, कोणता उजवा, हे कधीच बदलत नाही, कारण शंटिंग (डबे जोडणं-सोडणं, इकडून तिकडे हलवणं) कसं व्हायचं ते त्या क्रमावर ठरतं. तीव्र वळण पडद्याआड, डोंगरामागे किंवा इमारतींच्या रांगेमागे ढकला.

उरलेलं जग पडद्यामागच्या साइडिंगांत, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळांवर असतं. शेवटचं स्टेशन असलं तरी गाडी कुठून तरी यायला हवी. दिसणाऱ्या भागाच्या जवळपास निम्मी जागा या लपलेल्या रुळांना द्या. नवखे लोक ही जागा वाया गेली असं मानतात आणि वर्षभरात पस्तावतात.

रूळ

रुळाची उंची 'कोड'मध्ये सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे अडीच मिलिमीटर. एचओमध्ये हा रूळ खऱ्या जगातल्या बहुतेक सगळ्यांत जड रुळांपेक्षाही उंच होतो. मुख्य मार्गासाठी कोड ८३ आणि हलक्या शाखामार्गासाठी कोड ७० घ्या, मालधक्क्याच्या कडेचा रूळ त्याहून हलका चालेल. एकाच यार्डात दोन उंचींचे रूळ दिसले की कोणता रूळ महत्त्वाचा ते न सांगता कळतं. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा, माथा पुसून चमकता ठेवा. मुख्य रुळांत स्वच्छ खडी, यार्डात मात्र इंजिनांची काळी राख पसरलेली असे. खडी घालून झाली की पांढरा डिंक पाण्यात निम्मा पातळ करून, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खडी वाहून जाते.

पहिली वाघीण आणि पहिली भिंत

इंजिनापासून सुरुवात करायचा मोह आवरा. एक साधी मालवाघीण घ्या, तुमच्या सालात सर्वांत जास्त दिसणारी. तिचा क्रमांक त्या कंपनीच्या त्या सालच्या यादीत होता का ते तपासा. अमेरिकन वाघिणींच्या क्रमांकांच्या आणि मापांच्या छापील नोंदवह्या नियमित निघत. जुन्या प्रती मिळतात. वजन पुरेसं ठेवा, नाहीतर सांध्यावर घसरेल. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा एचओसाठीचा हिशोब एक औंस अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस असा आहे. चाळीस फुटी बॉक्सकारसाठी ते साधारण १०५ ग्रॅम भरतं.

वापरातली दिसावी म्हणून वाघीण मळवताना हात राखून. वाघिणीचं आयुष्य मोजा. दोन वर्षांची असेल तर खालच्या भागात धूळ आणि छतावर थोडी काजळी पुरे. वीस वर्षांची असेल तर एखादी फळी बदललेली, तिचा रंग ताजा, बाकीचा खडूसारखा उडालेला. गंज वर्तुळात येत नाही, तो पाण्याच्या वाटेने खाली उतरतो, म्हणून ब्रशचे फटकारे नेहमी वरून खाली.

इमारतीसाठी आधी पुठ्ठ्याचा कच्चा नमुना करा आणि जागेवर महिनाभर ठेवून पाहा. मापं मिळत नसतील तर विटा मोजा. जुन्या ब्रिटिश बांधकामात विटांचे चार थर म्हणजे एक फूट. ओओमध्ये एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. म्हणजे फोटोत जितके थर मोजलेत तितके मिलिमीटर तुमची भिंत उंच. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी रात्री दीड वाजेपर्यंत एकाच स्टेशनच्या भिंती मोजत बसलो होतो. विटांची रचनाही नीट पाहा. जुन्या भरीव भिंतींत लांब आणि आखूड अशा दोन्ही बाजू दिसतात. विटांच्या फक्त लांब बाजू दाखवणारा बाजारातला छापील कागद अशा इमारतीवर चिकटवला की इमारतीच्या काळात पन्नास वर्षांचा घोळ होतो.

या कामाची उंची कुठवर जाते ते पाहायचं असेल तर इंग्लंडमधलं लाँग विटनहॅम इथलं पेंडन म्युझियम आहे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स भागातली गवताच्या छपरांची घरं डोळ्यांदेखत पाडली आणि बदलली जाताना त्याने पाहिली, आणि ती मोजून, टिपून १:७६ मध्ये जपायचं ठरवलं. १९५४ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. पुठ्ठ्यातून कापलेल्या त्या घरांपैकी काहींची मूळ घरं आज उरलेली नाहीत. रेल्वे त्या खोऱ्यातून जाते, पण पाहणारा थबकतो तो परसातल्या भाजीच्या वाफ्यांपाशी.

झाडं, काजळी आणि गाड्यांची वेळ

आजचे फोटो पाहून वाफेच्या काळातला भराव झाडांनी झाकू नका. इंजिनाच्या ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून रुळांकडेचं गवत कामगार नियमित कापत आणि जाळत. झाडं माजली ती वाफ गेल्यावर. रुळांवरून जाणाऱ्या पुलाच्या खालच्या बाजूला मात्र काजळीचा काळा पट्टा हवाच. रस्त्यावरच्या मोटारी तुमच्या सालाच्या आधीच्या पाच-पंधरा वर्षांतल्या असू द्या, अगदी नवी एखादीच.

गाड्या किती आणि कोणत्या ठेवायच्या ते वेळापत्रक सांगतं. अमेरिकन मालगाडीत घरच्या कंपनीइतक्याच परक्या कंपन्यांच्या वाघिणी दिसतात. बॉक्सकार देशभर फिरत, त्यामुळे देशात ज्या कंपनीच्या जास्त तिच्या तुमच्या गाडीतही जास्त, असं जुन्या नोंदी चाळलेल्या अभ्यासू मॉडेलवाल्यांनी मांडलंय. दुर्मीळ, रंगीबेरंगी वाघीण दहा गाड्यांत एकदा दिसली तरच ती दुर्मीळ वाटते.

पहिला एक मीटरचा फलाट आणि दोन सांधे तयार झाले की बाकीचं अपुरं असतानाच गाड्या चालवायला लागा. घड्याळ चौपट वेगाने धरा. खरी पंधरा मिनिटं म्हणजे लेआउटवरचा एक तास. माझ्याकडे सकाळी सहा दहाची दुधाची गाडी येते, तिचं इंजिन सुटतं, लूपमधून वळसा घेतं, पाणी भरायला टाकीखाली चार मिनिटं थांबतं. त्या चार मिनिटांत मालगाडीला लूप मोकळी मिळत नाही, म्हणून ती बाहेरच्या सिग्नलवर उभी राहते. कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकात तिच्या नावापुढे त्या जागी थांबा का दाखवलाय हे मला कागदावरून कधी कळलं नव्हतं. पहिल्यांदा गाडी चालवली त्या संध्याकाळी कळलं.